तीन महिन्यांचा न्यायाधीश

६ मार्च १९८१ च्या मध्यरात्री दिल्ली उच्च न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांची मुदत संपत होती. ओ. एन. व्होरा, एस. एन. कुमार आणि एस. बी. वाड. तिघेही दोन वर्षांपूर्वी अतिरिक्त न्यायाधीश म्हणून आले होते. अतिरिक्त म्हणून आलेला माणूस दोन वर्षांनी कायम होतो, आणि कायम जागा रिकामी नसेल तर त्याला पुन्हा दोन वर्षांची मुदत मिळते, असा रिवाज होता. कागदावर तो कुठेच नव्हता, पण वकीलवर्गाला आणि न्यायाधीशांना तो पाठ होता.

या तिघांना ७ मार्चपासून तीन महिने मिळाले.

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला तीन महिन्यांची मुदतवाढ, आणि तीही सरकारच्या विरोधातली प्रकरणं रोज ज्याच्यासमोर येतात अशा दिल्लीच्या न्यायाधीशाला. न्यायाधीशांच्या नेमणुकीबद्दल आपल्याकडे वाद सुरू झाला की १९७३ ची आठवण हमखास निघते. केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागल्याबरोबर शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केलं गेलं. त्यानंतर १९७७ मध्ये न्या. एच. आर. खन्ना यांना डावललं गेलं. या दोन घटना मोठ्या आहेत, त्यांची तारीख-वार नोंद आहे आणि त्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र १९८१ चं हे प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं. डावलणं सगळ्या देशाला दिसतं. तीन महिन्यांची मुदत फक्त त्या न्यायाधीशाला दिसते, त्याच्या घरच्या कॅलेंडरवर.

'अतिरिक्त' म्हणजे काय

आधी ही खुर्ची समजून घ्यायला हवी, कारण सगळं प्रकरण त्या एका शब्दावर उभं आहे.

१९५० मध्ये राज्यघटना लागू झाली तेव्हा उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश हा प्रकारच नव्हता. ब्रिटिशांच्या १९३५ च्या कायद्यात तो होता. नव्या घटनेत तो घेतला गेला नाही. न्यायाधीश नेमला की निवृत्तीच्या वयापर्यंत त्याची जागा पक्की, आणि काढायचं असेल तर संसदेची महाभियोगासारखी अवघड वाट, अशी सरळ रचना होती. १९५६ मध्ये सातवी घटनादुरुस्ती झाली आणि कलम २२४ मधून अतिरिक्त न्यायाधीश परत आले. उच्च न्यायालयातलं काम तात्पुरतं वाढलं असेल किंवा प्रकरणं तुंबली असतील, तर राष्ट्रपती जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी अतिरिक्त न्यायाधीश नेमू शकतील, अशी ती तरतूद आहे.

'तात्पुरतं' हा शब्द तरतुदीत ठळक आहे. आपल्या उच्च न्यायालयांमधली थकबाकी तात्पुरती कधीच नव्हती. त्यामुळे जे दार अडीअडचणीसाठी ठेवलं होतं, तेच उच्च न्यायालयात शिरायचं मुख्य दार झालं. वकिलीतून येणारा असो की जिल्हा न्यायालयातून, बहुतेक जण आधी अतिरिक्त होतात आणि मग कायम. अतिरिक्त न्यायाधीशाचं काम, पगार, शपथ, निकालाचं वजन हे सगळं कायम न्यायाधीशासारखंच असतं. फरक फक्त एका तारखेचा. ती तारीख जवळ आली की फाईल निघते, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती शिफारस करतात, राज्यपाल म्हणजे राज्य सरकार मत देतं, भारताचे सरन्यायाधीश मत देतात, आणि राष्ट्रपती म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळ सही करतं.

मुदत वाढली नाही तर त्या माणसानं काय करायचं? वकिलीतून आलेला परत वकिली करू शकतो. ज्या न्यायालयात बसला तिथेच वकिली करायची बंदी घटनेनं फक्त कायम न्यायाधीशांना घातली आहे. पण दोन वर्षं अशील दुसरीकडे गेलेले असतात, चेंबर बंद झालेलं असतं, आणि कालपर्यंत शेजारी बसणाऱ्यांसमोर आज उभं राहायचं असतं. जिल्हा न्यायालयातून आलेला खाली परत जातो. सगळ्यांना कळतं की याला ठेवलं नाही. का ठेवलं नाही, ते कुणी सांगत नाही, आणि जे सांगितलं जात नाही त्याचीच चर्चा बाररूममध्ये होते.

हे दार कसं वापरता येतं, ते आणीबाणीत दिसलं होतं. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्धच्या याचिकेवर सरकारला न रुचणारा निकाल देणाऱ्या दिल्लीच्या खंडपीठावर न्या. आर. एन. अगरवाल होते. ते अतिरिक्त होते. त्यांना कायम केलं गेलं नाही आणि ते सत्र न्यायालयात परत गेले. त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश यू. आर. ललित यांनाही कायम केलं गेलं नाही. म्हणजे १९८१ चा मार्च उजाडला तेव्हा दिल्लीच्या तिन्ही न्यायाधीशांना ही वाट कुठे जाते ते पुरतं ठाऊक होतं.

तिघे

व्होरा यांची आधीची नोंद सर्वांना माहीत होती. जिल्हा न्यायाधीश असताना 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती नष्ट केल्याच्या खटल्यात त्यांनी फेब्रुवारी १९७९ मध्ये संजय गांधी आणि माजी मंत्री विद्याचरण शुक्ल यांना दोषी ठरवलं होतं. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. व्होरा यांची मुदत का वाढली नाही याचा या खटल्याशी संबंध जोडणारा पुरावा न्यायालयासमोर आला नाही, आणि पुराव्याशिवाय मीही तो जोडणार नाही. पण वकीलवर्गात तो संबंध लावला जात होता, हे तितकंच खरं. अशा वेळी सरकारनं कारण सांगितलं नाही की लोक आपापलं कारण शोधतात, आणि मग पुढच्या न्यायाधीशाला तेच कारण खरं वाटतं. नुकसान तिथे होतं.

वाड यांना जूनमध्ये आणखी एक वर्ष मिळालं. व्होरा आणि कुमार यांना काहीच मिळालं नाही. तीन महिने संपले आणि ते न्यायाधीश राहिले नाहीत.

व्होरा यांनी सर्वोच्च न्यायालयात येऊन दाद मागितली नाही. कुमार मात्र उभे राहिले, आणि त्यांच्यामुळे आपल्याला आतला कागद पाहायला मिळाला.

पत्रं

कुमार यांच्याबाबत दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती प्रकाश नारायण यांनी १९ फेब्रुवारी १९८१ ला कायदामंत्री पी. शिवशंकर यांना पत्र लिहिलं होतं. मुदतवाढ देऊ नये असं त्यांचं मत होतं. कारणं अशी: न्यायालयात बसण्याचा वेळ कमी, निकाली काढलेली प्रकरणं कमी, आणि काही जबाबदार वकिलांनी आणि सहकाऱ्यांनी सचोटीबद्दल बोलून दाखवलेली शंका.

हे पत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे आलं. त्यांनी तपशील मागितला, स्वतः चौकशी केली, आणि २२ मे रोजी सरकारला कळवलं की शंकेला आधार नाही, कुमार यांच्या सचोटीवर बोट ठेवण्यासारखं काही आढळलं नाही, त्यांना मुदत द्यावी.

म्हणजे दोन घटनात्मक सल्लागार, दोन उलट मतं. इथवर हा मतभेद आहे, आणि मतभेद होऊ शकतो. पण मध्ये आणखी एक पत्र होतं. ७ मे रोजी दिल्लीच्या मुख्य न्यायमूर्तींनी कायदामंत्र्यांना गोपनीय पत्र लिहून आपली बाजू तपशिलानं मांडली होती. ते पत्र सरन्यायाधीशांपर्यंत गेलंच नाही. सरकारनं दोन्ही मतं समोर ठेवून दिल्लीच्या मुख्य न्यायमूर्तींचं मत उचललं. आणि ज्या तपशिलाच्या आधारे ते उचललं, तो तपशील सरन्यायाधीशांनी कागदावर पाहिलेला नव्हता.

मला हे प्रकरण वाचताना प्रत्येक वेळी इथे थांबावंसं वाटतं. पत्र लिहिणारे मुख्य न्यायमूर्ती वाईट हेतूनं वागले असं मी म्हणत नाही. एखाद्या सहकाऱ्याबद्दल मनात खरी शंका असेल, तर ती ते कुठे नेणार होते? न्यायाधीशाला काढायची एकच वाट संसदेतून जाते, आणि ती किती अरुंद आहे ते पुढे १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्या बाबतीत दिसलं: चौकशी समितीनं दोषी ठरवूनही लोकसभेत १९६ मतं ठरावाच्या बाजूनं पडली, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिल्यामुळे ठराव बारगळला. एवढा जड दरवाजा असेल तर अतिरिक्त न्यायाधीशाची दोन वर्षं संपणं हीच हलकी खिडकी वाटू लागते. काही न बोलता, काही सिद्ध न करता माणूस बाहेर जातो. प्रामाणिक मुख्य न्यायमूर्तीलाही ती खिडकी मोहात पाडेल. आणि जी खिडकी प्रामाणिक माणसासाठी उघडी, ती सूडबुद्धीच्या मंत्र्यासाठीही तितकीच उघडी.

कुमार यांच्या बाजूनं पाहा. कुणी काय म्हटलं, कोणत्या प्रकरणात, कोणत्या दिवशी, हे त्यांना लेखी कळवून उत्तर मागितलेलं नव्हतं. साध्या कारकुनाला नोकरीतून कमी करताना जी नोटीस द्यावी लागते, तेवढीही उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला मिळाली नाही. कारण तांत्रिकदृष्ट्या त्यांना 'काढलं' नव्हतंच. मुदत संपली होती.

न्यायालयात

इथून पुढचा भाग कायद्याच्या पुस्तकांत एस. पी. गुप्ता विरुद्ध भारत सरकार या नावानं आहे. एस. पी. गुप्ता हे अलाहाबादचे वकील. दिल्लीतून व्ही. एम. तारकुंडे यांची याचिका होती, मुंबईतून इक्बाल छागला आणि इतर वकिलांची. मुंबईच्या याचिकेत ज्येष्ठ वकील एच. एम. सिरवाई यांनी बाजू मांडली. या याचिकांमध्ये कुमार-व्होरा-वाड यांच्या मुदतीखेरीज आणखी दोन गोष्टी होत्या. एक, १८ मार्च १९८१ चं कायदामंत्र्यांचं परिपत्रक. अतिरिक्त न्यायाधीशांकडून दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयात कायम म्हणून जायची संमती घ्यावी असं ते मुख्यमंत्र्यांना सांगत होतं. दोन, पाटण्याचे मुख्य न्यायमूर्ती के. बी. एन. सिंह यांची मद्रासला झालेली बदली. बदलीच्या प्रकरणात सरन्यायाधीश चंद्रचूड यांना स्वतःच्याच न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल करावं लागलं आणि सिंह यांनी त्याला उलट उत्तर दिलं. देशाचे सरन्यायाधीश आणि एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, दोघांची एकमेकांच्या विरोधातली शपथेवरची विधानं. असं व्हायला नको होतं. पण गुपचूप सल्लामसलतीवर सगळी व्यवस्था बेतली की शेवटी साक्षीदार तेच दोघे उरतात.

सरकारचा पहिला आक्षेप होता की वकिलांना हा खटला लढवण्याचा अधिकारच काय? मुदत गेली ती न्यायाधीशांची. न्या. पी. एन. भगवती यांनी तो आक्षेप मोडून काढला: न्यायाधीशाच्या स्वातंत्र्याला धक्का लागला की तो वकिलांना आणि पक्षकारांनाही लागतो. जनहित याचिकेचा आज जो रुंद रस्ता आहे तो या खटल्यात मोकळा झाला.

दुसरा आक्षेप पत्रव्यवहाराबद्दल होता. मंत्रिमंडळानं राष्ट्रपतींना दिलेला सल्ला न्यायालयानं तपासायचा नाही, असं घटनेचं कलम ७४ म्हणतं; आणि सरकारी कामकाजाची गुप्तता तेव्हाच्या पुरावा कायद्यात सांगितलेली होती. सात न्यायाधीशांपैकी सहांनी सरकारचं म्हणणं नाकारलं. फक्त न्या. फझल अली वेगळे राहिले. सल्ला गुप्त असेल, पण तो ज्यावर आधारला ती दोन मुख्य न्यायमूर्तींची पत्रं गुप्त नाहीत, असा तो निर्णय. लोकशाहीत माहिती देणं हा नियम आणि लपवणं हा अपवाद, ही भूमिका इथे स्पष्टपणे मांडली गेली. माहितीचा अधिकार कायद्यानं मिळायला अजून चोवीस वर्षं होती.

पत्रं बाहेर आली. ती वर सांगितली आहेत.

पुढे काय व्हायला हवं होतं, असं वाचक म्हणून वाटतं ते झालं नाही. ३० डिसेंबर १९८१ ला निकाल आला. सात न्यायाधीश, सात स्वतंत्र निकालपत्रं, आणि प्रत्येक प्रश्नावर वेगळी जुळणी. कुमार यांच्या प्रश्नावर चार विरुद्ध तीन. भगवती, फझल अली, डी. ए. देसाई आणि ई. एस. वेंकटरामय्या यांनी म्हटलं की दिल्लीच्या मुख्य न्यायमूर्तींनी सरन्यायाधीशांशी तोंडी बोलणं केलं होतं, मुद्दे त्यांना ठाऊक होते, सल्लामसलत पुरी झाली. ए. सी. गुप्ता, व्ही. डी. तुळजापूरकर आणि आर. एस. पाठक या तिघांनी म्हटलं की ज्या पत्रावर निर्णय ठरला ते सरन्यायाधीशांपुढे ठेवलंच नाही, मग सल्लामसलत पुरी कशी?

मी या तिघांच्या बाजूनं आहे. सल्ला विचारणं म्हणजे ज्या कागदावर आपण विसंबतो तो सल्ला देणाऱ्याच्या हातात देणं. तोंडी काय बोलणं झालं याची खात्री बोलणाऱ्या दोघांखेरीज कुणाला देता येत नाही, आणि इथे त्या दोघांचीच मतं उलट होती.

चार जणांच्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. त्यांनी सरकारला मोकळं रान दिलं नाही. अतिरिक्त न्यायाधीशाला मुदत संपताना विचारात घेतलं जाण्याचा हक्क आहे, तो काही उमेदवारीवर ठेवलेला नोकर नाही, आणि तीन-तीन महिन्यांच्या मुदती देणं चुकीचं आहे, हे त्या निकालपत्रांत आहे. ज्या उच्च न्यायालयांत काम कायमचं वाढलं आहे तिथे कायम जागाच वाढवा, हेही सरकारला सांगितलेलं आहे. पण कुमार यांना परत खुर्ची मिळाली नाही. जूनमध्ये त्यांची मुदत संपली होती आणि निकाल डिसेंबरच्या अखेरीस आला.

सिंह यांची बदली बहुमतानं वैध ठरली. तिथे भगवती अल्पमतात गेले.

लेखणी कुणाच्या हातात

या निकालातला जो भाग सर्वांनी उचलला तो वेगळाच होता. 'सल्लामसलत' म्हणजे 'संमती' नव्हे, सरन्यायाधीशांचं मत वजनदार असलं तरी अखेरचा शब्द सरकारचा, हे बहुमतानं सांगितलं. त्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांचं २४ मे १९४९ चं घटना समितीतलं म्हणणंही हाताशी होतं: सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही माणूसच, सामान्य माणसाचे दोष, भावना आणि पूर्वग्रह त्यांच्यातही असतात, म्हणून त्यांना नकाराधिकार देणं धोक्याचं. त्याच भाषणात आंबेडकरांनी सरकारला निरंकुश अधिकार देणंही धोक्याचं म्हटलं होतं. दोन्ही बाजूंनी वाद घालणारे आपापलं अर्धं वाक्य घेऊन जातात.

पुढची चाळीस वर्षं वाद या एकाच प्रश्नावर झाला. ६ ऑक्टोबर १९९३ ला नऊ न्यायाधीशांनी सात विरुद्ध दोन अशा बहुमतानं १९८१ चा निर्णय उलटवला आणि सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये राष्ट्रपतींना दिलेल्या सल्ल्यानं कॉलेजियमचं, म्हणजे नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाचं, आजचं रूप ठरलं: सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश, उच्च न्यायालयांसाठी सरन्यायाधीश आणि दोन. २०१४ मध्ये संसदेनं ९९ वी घटनादुरुस्ती करून न्यायिक नियुक्ती आयोग आणला; १६ ऑक्टोबर २०१५ ला तो चार विरुद्ध एक असा रद्द झाला. कायदामंत्री त्या आयोगात बसणार आणि कोणतेही दोन सदस्य नाव रोखू शकणार, हे न्यायालयाला मान्य नव्हतं. एकटे न्या. चेलमेश्वर आयोगाच्या बाजूनं राहिले, आणि कॉलेजियमच्या बंद खोलीवर त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

हा सगळा वाद महत्त्वाचा आहे. १९७३ आणि १९७७ पाहिलेल्या पिढीला लेखणी सरकारच्या हातून काढून घ्यावीशी वाटली तर त्यात नवल नाही, आणि मीही नेमणुकीचा अखेरचा शब्द मंत्र्याकडे परत जावा असं म्हणणार नाही. पण कुमार यांचं प्रकरण समोर ठेवून विचारलं तर? त्यांच्याबद्दल गोपनीय पत्र लिहिणारे मंत्री नव्हते, मुख्य न्यायमूर्ती होते. कारण न कळवता माणसाला जाऊ देणारी तरतूद कलम २२४ मध्ये होती, ती तशीच राहिली. लेखणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, पण पत्र गुप्त राहिलं आणि तारीखही टांगती राहिली. २०१७ च्या ऑक्टोबरपासून कॉलेजियमचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले ही चांगली सुरुवात होती. परंतु ज्याला नाकारलं त्याला उत्तराची संधी, ही गोष्ट त्यात आली नाही.

चाळीस वर्षांनंतर, नागपूर

एक अलीकडचं उदाहरण घेतल्याशिवाय हे प्रकरण मला अपुरं वाटतं. ते मुद्दाम अवघड घेतो आहे, कारण सोप्या उदाहरणात आपल्या तत्त्वाची परीक्षा होत नाही.

न्या. पुष्पा गनेडीवाला जिल्हा न्यायाधीश होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायाधीश झाल्या आणि नागपूर खंडपीठावर बसल्या. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालच्या एका अपिलात निकाल दिला की त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नसेल तर ते कृत्य त्या कायद्यातल्या लैंगिक अत्याचाराच्या कलमात बसत नाही. देशभर संताप उसळला, आणि तो रास्त होता. कायद्याचा हेतूच उलटा करणारा तो अर्थ होता.

त्याच सुमारास कॉलेजियमनं त्यांना कायम करण्याची शिफारस केली होती. ती मागे घेतली गेली. त्यांना पुन्हा अतिरिक्त म्हणून मुदत मिळाली ती एका वर्षाची. वर्षभरानंतर कायम करण्याची किंवा मुदत वाढवण्याची शिफारस झाली नाही. पुन्हा जिल्हा न्यायालयात जायची वेळ येत होती, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

दरम्यान अपिलाच्या वाटेनं जे व्हायला हवं होतं ते झालंच. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. त्या खंडपीठाचे प्रमुख होते न्या. उदय ललित, आणीबाणीत मुंबईत ज्यांना कायम केलं गेलं नाही त्या यू. आर. ललित यांचे चिरंजीव. निकाल चुकला, वरच्या न्यायालयानं तो सुधारला, न्यायव्यवस्था अशीच चालते.

मला तो निकाल आवडला नाही, आजही आवडत नाही. तरीही मला विचारावं लागतं: एका निकालानंतर न्यायाधीशाची मुदत आखडली, आणि ती आखडताना अमुक कारणासाठी हे करतो आहोत असं त्यांना लेखी सांगून त्यांचं म्हणणं ऐकून घेतल्याची कोणतीही जाहीर नोंद नाही. इथे मंत्री मुख्य पात्र नव्हता. कायम करण्याची शिफारस मागे घेणारी लेखणी न्यायाधीशांच्याच हातात होती. क्षमता कमी वाटली असेल तर अनेक निकालांचं मूल्यमापन करून तसं सांगता आलं असतं. आज चुकीच्या निकालासाठी वापरलेली खिडकी उद्या धाडसी निकालासाठी वापरली जाणार नाही, याची हमी कोण देणार? अगरवाल आणि यू. आर. ललित यांच्या वेळी ती नेमकी त्यासाठीच वापरली गेली असं त्यांचे सहव्यवसायी मानत आले आहेत.

म्हणून माझी मागणी लहान आहे आणि ती १९८१ च्या कागदांतूनच निघते. मुदत वाढवायची नसेल तर आक्षेप त्या न्यायाधीशाला लेखी द्यावेत, उत्तर घ्यावं, आणि ज्या कागदावर निर्णय होणार तो सल्ला देणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असावा. तीन महिने, सहा महिने, एक वर्ष असल्या मुदती बंद व्हाव्यात. आणि वर्षानुवर्षं तुंबलेल्या कामाला तात्पुरतं म्हणणं सोडून त्या जागा कायम कराव्यात. यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. कायम जागा किती असाव्यात हे सरकार ठरवू शकतं, आणि १९८१ मध्ये न्यायालयानं तेच सुचवलं होतं.

मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदं ९४ आहेत. त्यांतली ७१ कायम, २३ अतिरिक्त.